तार धरंना

एक्स-रे बघितला आणि मी आगाऊपणानं बोलून गेलो, "मामा, उजवा गुडघा लई त्रास देत असंल." उजव्यात हाडाला हाड टेकलेलं. डाव्यात बरीच फट शिल्लक.

"उजव्याचं काय न्हाई वो डॉक्टर. डावा झोपू देईना."

मामा करवीर तालुक्यातले, धंद्यानं गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे. 40 हंगाम उसाचा रस आटवायच्या काहिलीशेजारी गेलेले. कुणीतरी सांगितलं, 'वंगण संपलंय, चालू नका', म्हणून पाच महिने खाटेवर. डावी मांडी पार वाळलेली, गुडघा मात्र टम्म.

सुई घातली तर 40 मिली पाणी निघालं. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम तीन-चार मिली असतं. वंगण संपलेलं कुठलं, उतू चाललं होतं! सवयीनं एक थेंब सुईच्या टोकावरून सोडला. मामा वाकून बघत होते.

"तार धरंना की."

पाकाची नजर ती. हेच विद्यार्थ्यांच्या डोक्यात उतरवताना मला घाम फुटतो. चांगल्या पाण्याची तार बोटभर निघते. सांध्याच्या अस्तराला सूज आली की ते पातळ पडतं.

कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, ना रक्तवाहिन्या, ना नसा. नुसती झिजली तर ती बोंबलत नाही. पण झिजेचे कण अस्तराला डिवचतात, अस्तर चिडतं, आणि त्यातून सुटणारी रसायनं कूर्चेच्या पेशींना आपलंच कोलॅजन तोडायला लावतात. मग आणखी कण. सोनोग्राफीत डाव्याचं अस्तर जाड दिसलं. पाण्याच्या रिपोर्टात मात्र पांढऱ्या पेशी 600, जंतू नाहीत, स्फटिक नाहीत. 2000च्या आत, म्हणून शेरा 'दाह नाही'. रक्तातून दाहाचा अंदाज देणारी ईएसआर तपासणीही नॉर्मल. हा शेरा मला कधीच पटलेला नाही.

मामांना पटवावं लागलं नाही. "चुलवाण इझलं तरी आत इंगळ धगतोयच की."

स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. सारखं देत नाही, कूर्चेलाच बाधतं. चालायला लावलं, कारण कूर्चेवर दाब पडून सुटला की तिचं पोषण होतं. खुर्चीत बसून पाय ताठ करायचा, मांडी आवळायची. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर मामा खिडकीबाहेर बघायला लागले.

सहा आठवड्यांनी जिना चढून आले. "काढा की पानी, तार बघू."

चाचपून पाहिलं. सुई घालावी एवढं पाणीच नव्हतं. मामा जरा हिरमुसलेच.