बेन नेव्हिस : धारेला घाबरू नका, पुढच्या धोंड्यांना घाबरा

स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस हे ब्रिटनचं सर्वात उंच शिखर. त्याला शेजारच्या कार्न मोर जेरग (सीएमडी) या शिखराशी जोडणाऱ्या अरुंद धारेची भीती घालणारे बरेच भेटले. धारेनंतरच्या चढाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बेन नेव्हिस 1345 मीटर, आपलं कळसूबाई 1646. या आकड्यांवर जाऊ नका. इथे चढाई जवळपास समुद्रसपाटीपासूनच सुरू होते. आम्ही जूनमध्ये सकाळी सातला पायथ्याच्या टॉरलंडी गावातल्या वाहनतळावरून निघालो. जंगल संपलं की आल्ट अ व्हुलिन हा ओढा सोबत येतो. बाटल्या इथेच भरा, वर धारेवर पाणी नाही. मग डावीकडे ओल्या गवतातून कार्न बेग जेरग आणि पुढे 1220 मीटरचं कार्न मोर जेरग. समोर बेनचा उत्तरेचा कडा उभा असतो.

धार कोरडी असेल तर हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांना जड जाणार नाही. हात लावावे लागतात, एवढंच. वारा जोराचा असेल तर मात्र धारेवर पाऊल टाकू नका.

खरा त्रास धार संपल्यावर. शिखरापर्यंत जवळजवळ तीनशे मीटरचा चढ, सगळा धोंड्यांचा. नीट वाट नाही. सुटकेसएवढा धोंडा पाय ठेवताच हलतो, खालून येणाऱ्याच्या अंगावर जाईल अशी धास्ती. त्यात धुकं उतरलं. आम्हाला एक तास चाळीस मिनिटं लागली, आणि माझे पाय इथेच संपले. एकामागे एक चढू नका, तिरके पांगून चढा. या वाटेने उतरायचा विचारही करू नका.

माथ्यावर 1883 ते 1904 चाललेल्या वेधशाळेचे अवशेष आहेत. आम्हाला दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. उतरताना उजवीकडे गार्डीलू घळ, डावीकडे फाइव्ह फिंगर घळ, दोन्हीकडे पडून माणसं मेली आहेत. म्हणून धुक्यात माथ्यावरच्या त्रिकोणमितीच्या (मोजणीच्या) खांबापासून होकायंत्रावर 231 अंशांच्या दिशेने 150 मीटर चाला, मग 282 अंशांची दिशा धरा. हे कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइल थंडीने बंद पडतो, आमच्यातल्या दोघींचा पडला.

उतरायला वेधशाळेसाठी बांधलेली जुनी घोडवाट. लांब, दगडी, गुडघे काढणारी, पण सुरक्षित. पहिल्यांदा येणाऱ्याने चढायलाही हीच घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

आमची चूक अर्ध्यावरच्या तळ्यापाशी झाली. तिथून उत्तरेला वळून दलदलीतून पुन्हा आल्ट अ व्हुलिन गाठता येतो, म्हणजे थेट आपल्या गाडीपाशी. आम्ही दमून सरळ दुसऱ्या बाजूच्या ग्लेन नेव्हिस या दरीत उतरलो. रात्रीचे साडेनऊ, उजेड होता, पण पाय उचलत नव्हते. हे पाहून एका टॅक्सीवाल्याने मीटर न लावता टॉरलंडीचे 40 पौंड घेतले. वीस मिनिटांचाही रस्ता नाही. तळ्यापाशी वळा, किंवा आधी भाडं ठरवूनच गाडीत बसा.