‘व्हेरी बेटर’मध्ये अडकलेले तीन महिने

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग निभावलं. रायटिंगच्या सरावात मात्र गाडी ९ पैकी ६ वरच अडायची, आणि मला हवे होते ७. पहिल्या टास्कमध्ये आलेख किंवा तक्ता बघून २० मिनिटांत किमान १५० शब्द लिहायचे, म्हणजे जिकडेतिकडे तुलनाच. माझ्या वहीत ‘व्हेरी हायर’, ‘मोअर बेटर’ यांच्याखाली दर वेळी लाल रेघ आणि शेजारी शेरा, ‘ग्रामर सुधारा’. नेमकं काय सुधारू? क्लासमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘वाचन वाढवा, आपोआप येईल.’ पूर्ण फी भरून तीन महिने गेले, पण त्या रेघेचं कारण कुणी सांगितलं नाही. आठवलं की अजून चीड येते.

शेवटी वही घेऊन शाळेतल्या आमच्या बाईंकडे गेले. त्यांनी दोन मराठी वाक्यं लिहिली. ‘दादा खूप उंच आहे.’ ‘दादा माझ्यापेक्षा खूप उंच आहे.’ म्हणाल्या, “बघ, ‘खूप’ही तोच आणि ‘उंच’ही तोच. इंग्रजीत दोन्ही बदलतात.” पहिल्यात ‘व्हेरी टॉल’, दुसऱ्यात ‘मच टॉलर’. तीन महिन्यांचा गुंता पाच मिनिटांत सुटला! ‘बेटर’मध्ये तुलना आधीच आलेली असते, म्हणून त्याला वर ‘मोअर’ लागत नाही.

तेव्हापासून मनात ‘पेक्षा’ आला की नुसता ‘व्हेरी’ बंद. मच, फार किंवा अ लॉट. इंग्रजी ‘फार’ आपल्या ‘फार’सारखाच ऐकू येतो, म्हणून तो आधी तोंडात बसला, पण ‘फार बेटर’ म्हणायचं, ‘फार गुड’ नाही. ‘व्हेरी मच बेटर’ मात्र चालतं, मध्ये ‘मच’ आहे ना. आणि ‘इव्हन बेटर’ लिहाल तर आधीची गोष्टही चांगली होती असा अर्थ निघतो, तेव्हा जपून.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘मच मोअर’ नाही, ‘मेनी मोअर स्टुडंट्स’. सगळ्यांत वरच्यासाठी ‘बाय फार द हायेस्ट’.

रायटिंगला ७ आले. परीक्षेत पहिल्या टास्कची शेवटची दोन मिनिटं मी फक्त ‘व्हेरी’ शोधत होते. दोन सापडले. एक ‘हाय’च्या आधी होता, तो ठेवला. दुसरा ‘लोअर’च्या आधी होता, तो खोडून वर ‘मच’ लिहिलं.