कॅनडाची विज्ञानकथा वेगळी कशासाठी?

टोरांटोत राहून मी आवर्जून कॅनडातल्याच विज्ञानकथा वाचतो, हे कळल्यावर मराठी मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो: अमेरिकेच्या शेजारी बसून इंग्रजीतच लिहिल्या जाणाऱ्या या कथांना वेगळी प्रकाशनसंस्था आणि वेगळी मालिका कशाला हवी? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे उत्तर 'टेसरॅक्ट्स' या संग्रहमालेपासून सुरू होते. तिचा पहिला खंड व्हिक्टोरिया शहरातल्या प्रेस पोर्सेपिक या छोट्या संस्थेने १९८५ मध्ये काढला आणि त्याचे संपादन ज्यूडिथ मेरिल यांनी केले. वर्षभरातल्या निवडक विज्ञानकथांचे संग्रह काढून अमेरिकेत नाव कमावलेल्या या बाई व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून देश सोडून १९६८ मध्ये टोरांटोला आल्या, आणि दोनच वर्षांत स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकला. कॉलेज स्ट्रीटवरच्या शाखेत तिसऱ्या मजल्यावर तो आजही आहे. तिथली संदर्भ-पुस्तके घरी नेता येत नाहीत, समोर बसूनच वाचावी लागतात. त्यामुळे मन लावून वाचून होते, हा माझ्यासारख्या आळशी वाचकाचा फायदा.

या मालिकेचे खंड ओळीने मांडून आतले पान उघडले, तर मालिकेचे नाव तेच राहते आणि प्रकाशकाचा पत्ता मात्र बदलत जातो: आधी व्हिक्टोरिया, मग एडमंटन, २००३ नंतर कॅलगरी. एकाने खाली ठेवलेली मालिका दुसऱ्याने उचलली. तिसऱ्या खंडाच्या संपादक कँडस जेन डॉर्सी पुढे एडमंटनच्या प्रकाशन-मंडळींतच होत्या, म्हणजे उचलणारे लोक बहुधा घरचेच होते. लघुकथासंग्रहावर कोणी श्रीमंत होत नाही. पैसा असलाच तर तो कादंबरीत असतो. तरीही हा आतबट्ट्याचा व्यवहार कोणीतरी पत्करत राहिले, कारण इंग्रजी विज्ञानकथेची मोठी मासिके अमेरिकेत होती आणि तिथे कथा पाठवणाऱ्याला अमेरिकन वाचक डोळ्यांपुढे ठेवावा लागे. एडमंटनलाच १९८९ मध्ये 'ऑन स्पेक' हे नियतकालिक निघाले, तेही याच गरजेतून.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते क्वेबेक या कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांताचे प्रकरण. तिथे फ्रेंच विज्ञानकथेचे स्वतंत्र जग होते, १९७४ पासून स्वतःचे नियतकालिक होते, आणि त्याच देशातल्या इंग्रजी वाचकाला त्याचा फारसा पत्ता नव्हता. फ्रेंचमधून आलेली कथा अमेरिकन मासिकात क्वचितच दिसे; 'टेसरॅक्ट्स'मध्ये ती पहिल्या खंडापासून इंग्रजी कथांच्या पंक्तीला बसली. १९९६ मध्ये फ्रेंचमधून लिहिणाऱ्या लेखिका एलिझाबेथ व्होनारबुर्ग आणि अनुवादक जेन ब्रायर्ली यांनी 'टेसरॅक्ट्स क्यू' हा निव्वळ अनुवादित फ्रेंच कथांचा खंड संपादित केला. नफ्याचे गणित आधी मांडणाऱ्या प्रकाशकाने हा उद्योग केला असता, असे मला वाटत नाही.

या कथांत बर्फ, जंगल आणि एकाकी माणसे शोधणाऱ्यांची मात्र निराशा होईल. मीही कॅनेडियनपणा हुडकत बसत नाही. दर खंडाला संपादक बदलतात, बहुतेक वेळा दोघे असतात, त्यामुळे प्रकाशनाची एकच ठरीव आवड तयार होत नाही. अर्थात दर्जाही वरखाली होतो आणि प्रत्येक खंडात दोन-चार कथा निमूट ओलांडाव्या लागतात. नंतरच्या काही खंडांना विषय ठरवून दिलेले आहेत, कधी धर्म, तर कधी अतिमानवी नायक. ते मला कमी रुचले, कारण विषय आधी कळला की संपादकाची निवड चकित करीत नाही.

सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारले होते. 'क्यू' आधी वाचा आणि मेरिलबाईंचा खंड त्यानंतर.