सव्वादोन मिनिटं आणि दहा टन वाळू

टेक्ससमधल्या डेंटन काउंटीत बार्नेट शेल या गॅसच्या घट्ट खडकातल्या एका आडव्या विहिरीवर आमचं फ्रॅकचं काम चालू होतं, म्हणजे दाबानं पाणी आणि वाळू आत ढकलून खडकाला भेगा पाडायच्या. केसिंग, म्हणजे विहिरीतली पोलादी नळी, साडेपाच इंची, एकूण लांबी 12,000 फूट. त्यातले 8,000 फूट सरळ खाली, पुढचे 4,000 आडवे. मिनिटाला 70 बॅरल पाणी (बॅरल म्हणजे 42 गॅलन), गॅलनमागे दोन पौंड वाळू, दाब 5,200 पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तितके पौंड. टप्प्याच्या दहा हजार बॅरलपैकी पावणेनऊ हजार आत गेले होते आणि दाबाची रेघ बराच वेळ सपाट होती. तेवढ्यात डेटा व्हॅनमधल्या पडद्यावर ती रेघ उचलली. मिनिटभरात दाब 6,600 वर.

मर्यादा 8,500 ची लावलेली होती. तिथवर दाब गेला की सगळे पंप एकदम बंद पडतात. मिनिटाला 1,400 या चालीनं सुरुवातीपासून हाती सव्वादोन मिनिटं, त्यातलं एक संपलेलं.

अशा वेळी पहिली शंका स्क्रीन-आउटची. खडकातल्या भेगेच्या तोंडाशी किंवा पर्फोरेशनमध्ये, म्हणजे केसिंगला पाडलेल्या भोकांत, वाळू अडते, पाण्याला वाट उरत नाही आणि दाब उसळतो. त्यात पंप थांबले तर नळीतली वाळू नळीतच बसते. साडेपाच इंची केसिंगमध्ये फुटाला 0.0222 बॅरल मावतं, म्हणजे 12,000 फुटांत 266 बॅरल. गॅलनमागे दोन पौंड धरले तर त्या क्षणी नळीत 22,000 पौंडांहून जास्त, दहा टन वाळू होती. ती बसली की विहीर उलटी वाहवून बघायची, नाहीतर कॉइल्ड ट्यूबिंग, म्हणजे रिळावर गुंडाळलेली लांब बारीक नळी, मागवून धुऊन काढायची. दिवस तर जातोच, खर्चही मोठा होतो.

वाळू अडतेय असं वाटलं तर वाळू बंद करायची, पण वेग शक्य तितका टिकवायचा. पातळ, म्हणजे घट्ट करणारं जेल न घातलेल्या पाण्यात वाळू तरंगत नाही, वेगानंच पुढे ढकलली जाते. वेग पडला की आडव्या नळीच्या तळाशी ती ढिगानं बसते. उलट दाब घर्षणानं चढत असेल तर वेग कमी करणं हाच इलाज. दोन निदानांचे दोन उपाय एकमेकांच्या विरुद्ध, आणि पेच हा पातळ पाण्याचा. जेलमध्ये तो इतका टोकाचा नसतो, कारण घट्ट जेल वाळूला बराच वेळ धरून ठेवतं.

मग पातळ पाणी आलं कुठून? शेलमध्ये ते याच भागातून, जॉर्ज मिचेल यांच्या गॅस कंपनीतून आलं. 1919 मध्ये गॅल्व्हस्टनला जन्म, वडील ग्रीसहून आलेले, 1940 मध्ये टेक्सस ए अँड एममधून पेट्रोलियम इंजिनिअरिंगची पदवी. 1950 च्या दशकापासून शेजारच्या वाइज काउंटीतल्या वरच्या थरांतून त्यांचा गॅस निघत होता आणि करारानं शिकागोकडच्या पाइपलाइनला जात होता. थर आटत चालले, करार मात्र पुरा करायचा होता. म्हणून 1981 मध्ये त्यांनी खालच्या बार्नेट शेलमध्ये सी. डब्ल्यू. स्ले क्रमांक 1 ही विहीर घेतली. गॅस होता, पण दगड इतका घट्ट की नफ्याचं गणित वर्षानुवर्षं बसलं नाही. तेव्हा फ्रॅकसाठी गवारीच्या डिंकाचं जेल वापरत, म्हणजे आपण भाजी करतो त्याच गवारीच्या बियांचा डिंक. ते महाग, आणि त्याचा गाळ भेगेत मागे राहतो.

1997 च्या सुमारास त्यांचे इंजिनिअर निक स्टाइन्सबर्गर यांनी एक गोष्ट पाहिली. एका कामात जेल चुकून पातळ झालं होतं, तरी विहीर ठीक चालली. मग त्यांनी मुद्दामच जवळजवळ नुसतं पाणी वापरायचं ठरवलं. सुरुवातीच्या विहिरी फारशा चालल्या नाहीत. 1998 मध्ये डेंटन काउंटीतली एस. एच. ग्रिफिन इस्टेट क्रमांक 4 चालली, आणि खर्चही कमी झाला. मिचेल तेव्हा 79 वर्षांचे होते. माझ्या मते त्यांचं खरं काम हे की कंपनीतल्याच अनेकांचा विश्वास उडाला असताना सतरा वर्षं त्यांनी या दगडावरचा खर्च बंद होऊ दिला नाही. 2002 च्या जानेवारीत डेव्हन एनर्जीनं कर्जासकट साडेतीन अब्ज डॉलरला कंपनी घेतली आणि आडव्या विहिरींना हे पाणी जोडलं.

या पाण्यात महत्त्वाचं रसायन एकच, फ्रिक्शन रिड्यूसर. आम्ही नुसतं एफआर म्हणतो. हजार गॅलनला पाऊण गॅलन. एवढ्यानं नळीतलं घर्षण दोन तृतीयांश कमी होतं. ते नसेल तर 70 बॅरलच्या वेगाला या नळीत एकट्या घर्षणाचेच आठ हजार पीएसआय लागतात.

पडद्यावर दोन खुणा होत्या. वाळू पावणेदोनवरून दोन पौंडांवर नेली होती दहा मिनिटांपूर्वी. 266 बॅरल भागिले 70, म्हणजे पावणेचार मिनिटांत ती खाली पोचली असणार, आणि त्यानंतर सहा मिनिटं दाब हलला नव्हता. दुसरी खूण चढाच्या आकाराची. वाळू अडते तेव्हा रेघ सहसा वर वळत जाते, दर सेकंदाला जास्त उभी. ही पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. नळी एकाच वेगानं एफआर नसलेल्या पाण्यानं भरत असेल तेव्हा अशी रेघ येते.

ट्रीटरनं, म्हणजे पंप चालवणाऱ्या प्रमुखानं, वाळू बंद केली, वेग 70 वरून 55 वर आणला, राखीव एफआर पंप दुप्पट मात्रेवर लावला. दाब 7,900 ला टेकला आणि खाली झुकला. 55 च्या वेगानं नळी नव्या पाण्यानं भरायला जवळजवळ पाच मिनिटं लागली. मग पुन्हा 70, वाळू दीड पौंडापासून, आणि उरलेले बॅरल विनातक्रार गेले.

कारण ब्लेंडरपाशी, म्हणजे पाणी, वाळू आणि रसायन मिसळणाऱ्या यंत्रापाशी सापडलं. 70 बॅरल म्हणजे मिनिटाला 2,940 गॅलन. त्याला एफआर लागतं 2.2 गॅलन. 275 गॅलनचा टोट, म्हणजे रसायनाची टाकी, दोन तास पाच मिनिटांत संपतो. तो बदलताना सक्शन होजमध्ये हवा शिरली आणि एफआरच्या पंपाची पकड सुटली. पडद्यावर मात्र 2.2 चा आकडा तसाच होता, कारण तो पंपाच्या फेऱ्या मोजून काढलेला. पंप फिरत होता, हवा ओढत होता, आणि कागदावर रसायन जात होतं.

पुढच्या टप्प्याआधी दोन टोट एकाच मॅनिफोल्डला, म्हणजे सामाईक जोडनळीला जोडले. पहिल्यात वीतभर रसायन उरलेलं असतानाच दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. ब्लेंडरवरच्या पोराच्या हातात डिपस्टिक आली: दर दहा मिनिटांनी टोटमधली पातळी मोजायची, 22 गॅलन उतरले का बघायचं, आणि पडद्यावरचा आकडा न विचारता हा मोजलेलाच रेडिओवर सांगायचा.