अमेरिकन फुटबॉल: तीन अल्बम, एक गिटार, पाच महिन्यांची नोंद

जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं की अमेरिकन फुटबॉल या बँडचे पहिले तीन अल्बम क्रमाने, घाई न करता, गिटारवर बसवायचे. ऐकून तर कितीतरी वर्षं झाली. आता ते बोटांतून जायला हवे होते. आपल्या इमोवाल्या मंडळींत, म्हणजे पंकमधून निघालेलं हे हळवं रॉक ऐकणाऱ्यांत, या बँडचा विषय निघतो तो पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यापाशी, आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. मला पुढे जायचं होतं. १९९९ मधल्या त्या आवाजाचं २०१६ मध्ये काय झालं आणि २०१९ मध्ये तो कुठे पोचला, हे वाजवून पाहायचं होतं. आज ऑक्टोबर संपतोय. इथवरचा हिशोब मांडते.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी ओळख. बँड इलिनॉय राज्यातल्या अर्बाना-शँपेनचा, तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या तिघांचा. माइक किन्सेला गाणं आणि गिटार, स्टीव्ह होम्स गिटार, स्टीव्ह लॅमोस ड्रम्स आणि ट्रम्पेट. माइक त्याआधी कॅप'न जॅझ या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. पहिला अल्बम सप्टेंबर १९९९ मध्ये पॉलीव्हिनाइल या रेकॉर्ड कंपनीने काढला आणि २००० मध्ये बँड संपलासुद्धा. शिक्षण झालं, मंडळी पांगली. पुढच्या पंधरा वर्षांत तो अल्बम एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, २०१४ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला आणि मग २०१६ आणि २०१९ असे दोन अल्बम आले. तिन्हींचं नाव एकच, बँडचंच. म्हणून आपण सगळे एलपी वन, टू, थ्री म्हणतो.

जून आणि जुलै: पहिला अल्बम

सुरुवात तारा लावण्यापासून. 'नेव्हर मेंट'साठी, म्हणजे त्या पहिल्या गाण्यासाठी, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एफ, ए, सी, जी, सी, ई असं लावायचं. नेहमीच्या लावणीपेक्षा तीनच तारा बदलतात: सहावी अर्धा सूर वर, चौथी एक सूर खाली, दुसरी अर्धा सूर वर. मी पहिल्याच संध्याकाळी दुसरी तार तोडली. तारा आठ महिने जुन्या होत्या, दोष माझ्या आळसाचा. नवा संच घाला, आधी चौथी उतरवा, मग सहावी आणि दुसरी हळूहळू चढवा, आणि शेवटी सगळ्या पुन्हा एकदा तपासा, कारण एक ताणली की बाकीच्या किंचित हलतात.

लहानपणी मी सतार शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंत. त्यामुळे हात नकळत सा शोधतो. एफला सा धरलं आणि मोकळ्या तारा एकेक छेडल्या: सा, ग, प, रे, प, नी. ऐकून थबकलेच. मध्यम नाही, धैवत नाही. उरलेले पाचही सूर एकमेकांशेजारी सुखाने राहतात, एकही दुसऱ्याला टोचत नाही. डाव्या हाताने एका तारेवर काहीही करा, बाकीच्या मोकळ्या तारा मागे गुंजत राहतात आणि त्यांतली एकही बेसूर वाटत नाही. सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या खालच्या तारा, करतात तेच काम.

पहिल्या अल्बमच्या आवाजाचं निम्मं गुपित मला यात सापडलं. त्या काळचं बरंचसं इमो म्हणजे कर्कश गिटार, ओरडून गायलेलं कडवं. इथे दोन्ही गिटार स्वच्छ आहेत, घासलेला आवाज जवळपास नाहीच. भरीवपणा येतो तो मोकळ्या तारांतून. दर वेळी कॉर्ड पकडून झणकारा मारायची गरजच उरत नाही. एकेक सूर वेगळा वाजतो आणि आधीचा विरायच्या आत पुढचा त्यात मिसळतो.

'नेव्हर मेंट'ची मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, बसायला मला एकोणीस दिवस लागले. मेट्रोनोम मूळ वेगाच्या निम्म्यावर ठेवून सुरुवात केली. अवघड जागा सांगते: हॅमर-ऑन करून (वाजत्या तारेवर बोट आपटून) लगेच पुल-ऑफ करताना (ते ओढून उचलताना) शेजारच्या मोकळ्या तारेला बोटाचं पेर लागतं आणि ती मुकी होते. एक मुकी झाली की सगळा दरवळ जातो. मनगट थोडं पुढे काढून बोटं उभी ठेवली तेव्हा कुठे जमलं. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी वीस मिनिटं, बाकी काही नाही.

मग दुसरी गिटार. इथे खरी मजा आहे. होम्स आणि किन्सेला एकमेकांना दुजोरा देत नाहीत, दोघांचं वेगवेगळं बोलणं चालू असतं आणि अधूनमधून ते एका जागी भेटतात. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराच्या संगीताचा प्रभाव या लोकांनी स्वतःच सांगितलाय, आणि वाजवताना तो लगेच कळतो: छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा, दुसऱ्या तुकड्याच्या तुलनेत हळूहळू सरकत जाणारा. मी यासाठी एक सराव बनवला. फोनवर चार मात्रांचा तुकडा ध्वनिमुद्रित केला आणि त्यावर सहा मात्रांचा वाजवत बसले. बारा मात्रांनी दोघं समेवर येतात. पहिला आठवडा समेची वाट पाहण्यातच गेला, बोटं कमी आणि मोजणं जास्त. दुसऱ्या आठवड्यात मोजणं सुटलं. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) जमली की होतो तसला आनंद झाला.

लॅमोसच्या ड्रम्सबद्दल वेगळं लिहायला हवं. त्याचा हात जॅझकडे झुकलेला आहे. स्नेअर ड्रमवर तो जे हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके भरतो, त्यांच्यामुळे दोन गिटारांमधली रिकामी जागा जिवंत राहते. आणि ट्रम्पेट! 'द समर एंड्स' रात्री दिवे मालवून ऐका. गाणारा जे बोलून संपवू शकत नाही ते ट्रम्पेट पुढे नेतो. या अल्बमवर शब्द तसेही कमीच आहेत. नऊपैकी दोन तुकड्यांत गाणं नाहीच, आणि जिथे आहे तिथे आवाज मागे, थोडा कापरा, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा. विशीतला मुलगा, शिक्षण संपत आलेलं, गाव सुटणार, सोबतची व्यक्तीही सुटणार. त्या वयात आवाज याहून पुढे येत नाही.

ऑगस्ट: दुसरा अल्बम, आणि भावाने दाखवलेली चूक

दुसरा अल्बम ऑक्टोबर २०१६ चा. सतरा वर्षांचं अंतर. जेसन कप याचं ध्वनिमुद्रण. सर्वांत मोठा बदल माणसाचा: माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला बेसवर आला. पहिल्या अल्बमवर स्वतंत्र बेसिस्ट नव्हता, माइकनेच तो भाग वाजवला होता.

हे वाचून मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ हातांना कळला नव्हता. मी दोन महिन्यांच्या सवयीने उजव्या अंगठ्याने खालच्या सुराची जाड तार सतत चालती ठेवत होते. धाकटा भाऊ बेस वाजवतो. रविवारी ठाण्याहून आला, 'व्हेअर आर वी नाऊ?'वर आम्ही एकत्र बसलो आणि काहीतरी चिकट, दाट, गढूळ व्हायला लागलं. तीनदा थांबलो. मला वाटलं सुरात नाही. तो म्हणाला, "ताई, खालचं मला सोड ना. तू वर राहा."

अंगठा उचलला, वरच्या चार तारांवर राहिले, आणि गाणं मोकळं झालं.

दुसऱ्या अल्बमबद्दल जी तक्रार पुष्कळ जण करतात, की हा जास्त सरळ, जास्त नेटका, पहिल्यासारखा भटकत नाही, तिचं मूळ मला त्या दुपारी दिसलं. पहिल्यात खर्जही बराचसा गिटारांनाच सांभाळायचा होता, ताल खेळवायचा होता आणि चालही गायची होती, म्हणून त्या सगळीकडे धावतात. दुसऱ्यात खर्ज नेटकडे गेला, आणि तो नुसता आधार देत नाही, स्वतःची चाल वाजवतो. गिटार हलकी झाली. मोकळ्या झालेल्या जागेत माइकचा गळा पुढे आला. आता तो खोलीच्या पलीकडे नाही, समोर बसून बोलतोय. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, घर आहे, संसार आहे, आणि बोलायचं आहे ते त्याबद्दल. एवढं बोलायचं असेल तर गाण्याला कडवं लागतं, ध्रुवपद लागतं. घाट सरळ झाला तो त्यामुळे.

तरीही माझं मत स्पष्ट सांगते: तिघांत हा मला सर्वांत कमी भावतो. 'माय इन्स्टिंक्ट्स आर द एनिमी' सोडलं तर एखादं गाणं वाजवून संपल्यावर लगेच पुन्हा वाजवावंसं मला फारसं वाटलं नाही. ऑगस्टमध्ये चार गाणी बसवली आणि पुढे गेले.

मुखपृष्ठांची गोष्ट इथेच सांगून टाकते. पहिल्यावर अर्बानातलं ते पांढरं घर बाहेरून, रात्री, वरच्या खिडकीत उजेड. दुसऱ्यावर त्याच घराचं आतलं दृश्य. तिसऱ्यावर घर नाही, धुक्यातली मोकळी जमीन. तिन्ही छायाचित्रं ख्रिस स्ट्राँगची. २०२३ मध्ये बँड, पॉलीव्हिनाइल आणि काही मित्रांनी मिळून ते घर विकत घेतलं, ते टिकावं म्हणून. ज्या घराचा फोटो पाहून आपण विशीत हळवे झालो, ते उभं राहणार याचं मला खरंच फार बरं वाटलं.

सप्टेंबर, ऑक्टोबर: तिसरा अल्बम

मार्च २०१९. आठ गाणी, सत्तेचाळीस मिनिटं. पहिला नऊ गाण्यांत एक्केचाळीस मिनिटांच्या आसपास होता. म्हणजे गाणी कमी आणि लांब. घाई पूर्ण गेलेली आहे.

'सिल्हूट्स' सुरू होतं ते व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या टिणटिणत्या तुकड्यांनी. गिटार येते, पण ती या धातूच्या आवाजांच्या बरोबरीची, त्यांच्यातलीच एक. मी हा सुरुवातीचा तुकडा वरच्या दोन तारांवर बसवायला घेतला. सूर मोजकेच. वाटलं, दोन दिवसांचं काम. पाच आठवडे झाले.

अडचण बोटांची नाही, थांबण्याची आहे. सतार शिकवताना आमचे सर एका सुरानंतर हात वर करून बसवायचे: "आस ऐक. ती संपेपर्यंत पुढचा सूर नको." आस म्हणजे तार छेडल्यावर मागे उरणारा, विरत जाणारा नाद. हा अल्बम आसेचा आहे. पहिल्या अल्बममध्ये एक सूर विरण्याआधी दुसरा येतो, तिथे गंमत सूर मिसळण्यात. तिसऱ्यात सूर वाजतो आणि त्याला दूरवर जाऊ देतात. रिव्हर्ब (घुमणारा नाद) भरपूर आहे, शूगेझकडे, म्हणजे धूसर, थरांच्या गिटार-रॉककडे, झुकलेला, आणि त्यात गिटारचं टोकच विरघळतं. जून-जुलैत मिळवलेली चपळाई इथे आड येते. रिकामी जागा दिसली की माझं बोट तिथे एक पुल-ऑफ टाकून येतं, आणि ते टाकलं की गाणं लहान होतं.

पेडलबद्दल थोडक्यात. रिव्हर्ब लांब ठेवा, पण अँपवरचा बेस कमी करा, नाहीतर सगळं लापशी होतं. डिले, म्हणजे वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारं पेडल, वापरत असाल तर गाण्याच्या लयीशी जुळवा, आणि परत येणारा आवाज इतका मंद ठेवा की बंद केल्यावरच कळावं की तो होता.

गळ्याची वाटचालही इथे पुरी होते. पहिल्यात मागे, दुसऱ्यात पुढे, तिसऱ्यात माइक जागा वाटून देतो. तीन गाण्यांत पाहुण्या गायिका आहेत: लँड ऑफ टॉकची एलिझाबेथ पॉवेल, पॅरामोरची हेली विल्यम्स आणि स्लोडाइव्हची रेचेल गोस्वेल. हेलीचं 'अनकम्फर्टेबली नम्ब' मी चार वेळा सलग ऐकलं. बाप झालेला माणूस आपल्या बापाबद्दल आणि दारूबद्दल बोलतोय, आणि शेजारी दुसरा आवाज आहे, जो समजूत घालत नाही, नुसता सोबत असतो. ट्रम्पेट 'डूम इन फुल ब्लूम'मध्ये परत येतो. १९९९ मधला ट्रम्पेट अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करायचा. इथे तो लांबच लांब श्वास घेतो, आणि त्याला कुठेही पोचायची घाई नाही. सारे सूर वय वाढलेल्या माणसाचे.

आज कुठे आहे

पहिल्या अल्बममधली पाच गाणी मूळ वेगात, त्यांतली दोन दोन्ही गिटारांसह. दुसऱ्यातली चार. तिसऱ्यातलं एकही पूर्ण नाही. 'सिल्हूट्स'चा पहिला दीड मिनिट स्वच्छ जातो, पुढे गिटारचे थर वाढले की माझा हात पुन्हा भरभर चालायला लागतो. त्यावर उपाय म्हणून परवापासून वेगळंच करतेय. एक सूर छेडायचा, डोळे मिटायचे, आस पूर्ण विरली की डोळे उघडायचे आणि घड्याळ पाहायचं. पहिल्या दिवशी मी सरासरी चार सेकंदांत पुढचा सूर वाजवत होते, आणि तार प्रत्यक्षात अकरा सेकंद बोलत होती. काल सात सेकंदांपर्यंत आले.

भाऊ दिवाळीत आठवडाभर राहायला येतोय, बेस घेऊन. 'डूम इन फुल ब्लूम' आम्ही दोघं मिळून उचलणार आहोत. ट्रम्पेटची ओळ तो बेसवर वरच्या पट्टीत घेईल, मी खाली राहीन. तुमच्यापैकी कोणी तिसऱ्या अल्बमच्या गिटारी बसवल्या असतील तर एवढंच सांगा, की थर वाढत जातात तिथे तुम्ही कोणता धरता आणि कोणते सोडता.