समोरचा आवाज कुठे जातो?

‘कॉलर माईक, एलईडी स्क्रीन, मोबाईल आल्यावर झाडीपट्टीच्या नाटकाची मजा वाढली की गेली?’ २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरची मंडळी हंगामात जास्त दिसतात, आणि मी साउंडवर बसतो हे कळलं की हमखास हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आधी आमचा प्रेक्षक समजून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावजत्रा नि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात, आणि रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो. शाली-घोंगडी पांघरून बसलेला हा प्रेक्षक गप्प राहत नाही. खलनायकाला शिव्या घालतो, विनोदी नटाला उलट उत्तर देतो, गाण्याला वन्स मोअर घेतो, खूश झाला तर नोट घेऊन थेट स्टेजपाशी जातो. नटही तिथल्या तिथे वाक्य जोडतो. निम्मं नाटक समोरून येतं. म्हणून कुठलंही यंत्र आलं की मी एवढंच बघतो: समोरचा आवाज नटापर्यंत पोचतो का?

आमच्याकडे स्टेजवर माईक वरून टांगलेले असतात. वाक्य आलं की नट माईकखाली येऊन बोलतो. शहरातल्यांना ते विचित्र वाटतं, पण त्याच माईकमध्ये समोरचा हशा, ओरडाही शिरतो आणि नटाला ऐकू येतो. कॉलर माईक फक्त नटाचा गळा ऐकतो. त्याचा फायदा मोठाच आहे. कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते, नटी स्टेजभर मोकळी फिरते. पण मॉनिटरमधून, म्हणजे नटाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, त्याचाच आवाज इतका घुमतो की बाकी सगळं बुडतं.

एका गावात सासरी निघालेल्या मुलीचा प्रवेश चालू होता. पुढच्या रांगेतली म्हातारी कळवळून ओरडली, “नोको जाऊ वो बाई, फसवते तो तुले!” आजूबाजूच्या बायांनी डोळ्याला पदर लावला. नटीला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही, ती ठरलेलं वाक्य म्हणून निघून गेली. टांगता माईक असता तर ती थबकली असती, म्हातारीकडे वळली असती. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

सगळे आवाज जुळवायचं यंत्र, म्हणजे डिजिटल मिक्सर, त्याचे मात्र मी उपकार मानतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजचा आवाज ३५ मीटर मागे बसलेल्या माणसाला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मागच्या स्पीकरला तो तारेतून लगेच मिळतो. तेच वाक्य दोनदा ऐकू येतं, शब्द गढूळ होतात, मग मागच्या बाया आपसात बोलायला लागतात. मिक्सरवर मागचे स्पीकर तेवढेच थांबवून ठेवले की दोन्ही आवाज जुळतात. मग हशा सगळ्या मंडपातून एकदम उठतो, आणि तो एकदम उठला तरच नटाला बळ येतं.

एलईडी स्क्रीनवर जंगल, वाडा छान दिसतो. स्क्रीनचा उजेड कमी ठेवला नाही तर नटाचा चेहरा काळवंडतो, एवढंच.

मोबाईलवर माझा राग नाही. हैदराबाद-पुण्याला कामाला गेलेली पोरं त्यावर आपल्या गावचं नाटक बघतात, ही गोष्ट लहान नाही. पण लाईव्हचं चित्र बरेच सेकंद मागे असतं. पोराचा वन्स मोअर येईस्तोवर इकडे पुढचा प्रवेश रंगलेला असतो. आणि जो फोन वर धरून बसतो, त्याचे हात टाळीला मोकळे नसतात. बक्षीसही आता क्यूआर कोडवर येतं. पैसे पोचतात, माणूस स्टेजपाशी येत नाही. निदान नाव तरी माईकवरून पुकारा, असं मी मंडळवाल्यांना सांगतो.

माझ्यापुरता उपाय मी केला आहे. स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माईक लावतो. त्यांचा आवाज फक्त नटांच्या मॉनिटरमध्ये सोडतो, मोठ्या स्पीकरला देत नाही, नाहीतर शिट्टी वाजते. हशा ऐकू आला की नट आपसूक थांबतो, वाक्य त्यावर पडत नाही. मंडळाने कॉलर माईक मागितले तर हे दोन सोबत येणारच, त्याचे वेगळे पैसे मी घेत नाही.