आमची वाटचाल : प्रिंट हिरवी, स्टेअरिंग तिरकं

व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे गाडीच्या चाकांचे कोन मोजून जागेवर आणायचं गॅरेज टाकलं, हळूहळू जम बसला, बरी वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते समोर दुसरं दुकान उघडलं तेव्हाचं.

त्यांच्याकडे कॅमेऱ्याची थ्रीडी मशीन, गार वेटिंग रूम, आणि टायर घेतले की अलाइनमेंट फुकट. आमच्याकडे चाकांवर सेन्सर हेड बसवून मोजणारी जुनी मशीन, आणि तिच्यावर शंका आली की दोरा. दोन्ही बाजूंना स्टँड, हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या उंचीवर गाडीला समांतर ताणलेला दोरा, स्टीलच्या पट्टीने रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे टो, चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते. मिलिमीटरचा फरकसुद्धा लपत नाही. पण दोरा बघून गिऱ्हाईक हसतं. टॅक्सीवाले गेले, कंपन्यांच्या गाड्या गेल्या. आमच्याकडे शिकून तयार झालेला पोरगाही त्यांनी जादा पगारावर उचलला. हप्ते थकले, गॅरेज विकायची बोलणीसुद्धा झाली.

मशीनवर आमचा राग नव्हता, आज आमच्याकडेही तीच आहे. राग होता त्यांच्या कामावर. गाडी चढवायची, हवा बघायची नाही, लोअर आर्मचा बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं रबर) हलवून बघायचा नाही, रिमचं रनआउट, म्हणजे फिरताना ती किती डुगडुगते ते, घ्यायचं नाही. टो लावायचे दांडे, म्हणजे टाय रॉड फिरवायचे, मशीनवर आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत आले की प्रिंट हातात. पुढचा टो मागच्या एक्सलच्या, म्हणजे मागची चाकं ज्या दिशेला धावतात त्या रोखाने लावलाच नाही, तर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहणारच! गाडी ओढते म्हणून माणूस परत गेला, की पुन्हा टोच फिरवायचे. अहो, ओढ बहुतेक वेळा टोची नसतेच. कॅम्बर म्हणजे चाकाचा कल, वरून बाहेर असला की पॉझिटिव्ह, आत असला की निगेटिव्ह; कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह किंवा कॅस्टर कमी, तिकडे गाडी जाते. आणि ते मोजण्याआधी पुढचे टायर आपसात बदलून बघावेत. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक हललं नाही. सुट्टीला ट्रॅकवर गाडी पळवणारा, स्टॉपवॉच खिशात घेऊन फिरणारा हौशी माणूस. त्याची तक्रार होती, वळणात गाडी पुढून सरकते. टायर बघितले तर बाहेरची कड खाल्लेली. वळणात बॉडी झुकते, बाहेरचं चाक बाहेर कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. पुढचा कॅम्बर अर्धा अंश निगेटिव्ह होता. स्ट्रटला, म्हणजे चाकाच्या शॉकअब्सॉर्बरच्या खांबाला कॅम्बर बोल्ट घालून दीड केला, आणि मग टो पुन्हा लावला, कारण कॅम्बर हलला की टो जागेवर राहत नाही. टो शून्य ठेवला. टो वाकडा असला की टायर नुसता फिरत नाही, घासतही जातो, आणि इंजिनाची ताकद त्यात जिरते.

अलाइनमेंटने इंजिन वाढत नाही, हे त्याला आधीच बजावलं होतं. वेग वाढला तो वळणात, आणि वळणातून वेगात बाहेर पडलेली गाडी पुढच्या सरळीवरही पुढेच राहते. स्टॉपवॉच बघून गडी खूश. त्याने मित्र आणले, मित्रांनी घरच्या गाड्या आणल्या, आणि विक्रीची बोलणी मागे पडली.

रोजच्या गाडीला मात्र हे करू नका. इतका कॅम्बर दिलात तर टायर आतून खाल्ला जाईल आणि सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना पकड कमी मिळेल. कंपनीने दिलेल्या आकड्यांतच राहा. कुठेही काम करा, लॉक नट आवळल्यावर आकडा पुन्हा दाखवायला सांगा, आवळताना टाय रॉड फिरतो. आणि आधीची-नंतरची, दोन्ही प्रिंट मागा.

तो स्टॉपवॉचवाला अजून येतो. हल्ली मागच्या चाकांना टो-आउट द्या, म्हणजे त्यांची तोंडं बाहेर वळवा, म्हणून मागे लागलाय. गाडी पटकन वळेल हे खरं, पण वेगात असताना ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू पुढे येईल. आम्ही देत नाही. समोरच्या दुकानात जातो म्हणाला. जा म्हटलं, ते मागची चाकं बघतच नाहीत.